पेटीतून निघालेली शाळा

१४ डिसेंबर १८५८ रोजी केंब्रिज विद्यापीठाने आपली परीक्षा पहिल्यांदा विद्यापीठाच्या वेशीबाहेर नेली. बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, लिव्हरपूल, नॉरिच अशा आठ ठिकाणी मिळून ३७० मुलगे परीक्षेला बसले. परीक्षक आगगाडीने आले. अंगावर विद्यापीठाचा झगा, सोबत कुलूपबंद पेटी आणि पेटीत प्रश्नपत्रिका. आज मुंबईत, पुण्यात, दुबईत किंवा सिंगापुरात आपण ज्या शाळेला ‘ब्रिटिश बोर्डाची इंटरनॅशनल स्कूल’ म्हणतो, तिचे मूळ शोधत गेलो की आपण या पेटीपाशी येऊन पोचतो. आधी परीक्षा परगावी गेली आणि मग तिच्याभोवती शाळा उभी राहिली. हा क्रम ध्यानात ठेवला तर या शाळांच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

पेटीची गरज का पडली? त्या काळच्या इंग्लंडात कोणीही उठावे आणि घराच्या दारावर शाळेची पाटी लावावी, अशी स्थिती होती. श्रीमंतांच्या जुन्या नामांकित शाळांची गोष्ट वेगळी होती. दुकानदार, शेतकरी, कारकून यांची मुले ज्या शाळांत जात, तिथे काय शिकवतात आणि किती शिकवतात याला कसलेच माप नव्हते. मुलाला शिकवणाऱ्यानेच त्याची परीक्षा घ्यायची आणि त्यानेच ‘हुशार आहे’ म्हणून चिठ्ठी द्यायची. याच दशकात हिंदुस्थानच्या सनदी नोकऱ्या वशिल्याऐवजी खुल्या स्पर्धेने भरायला सुरुवात झाली होती. मुलाला न ओळखणाऱ्या माणसाने त्याचा पेपर तपासावा, ही कल्पना हवेतच होती. ऑक्सफर्डने त्याच वर्षी, केंब्रिजच्या काही महिने आधी, अशी परीक्षा घेतली. केंब्रिजच्या परीक्षेत सोळा वर्षांखालच्यांचा धाकटा आणि अठरा वर्षांखालच्यांचा थोरला असे दोन गट होते, आणि मुलाने आपल्याच गावात बसून ती द्यायची होती.

या परीक्षेचे सामर्थ्य पहिल्यांदा उघड झाले ते मुलींमुळे. एमिली डेव्हिस नावाच्या बाईंनी १८६३ मध्ये केंब्रिजच्या मागे लागून तेच पेपर मुलींना प्रायोगिक म्हणून देण्याची परवानगी मिळवली. तयारीला जेमतेम काही आठवडे हाती होते. तरी लंडनमध्ये ८३ मुली बसल्या. थोरल्या गटातल्या बहुतेक जणी अंकगणितात नापास झाल्या. मुलींच्या शाळांत भरतकाम, संगीत आणि थोडे फ्रेंच शिकवत. अपूर्णांक कोणी नीट शिकवलेच नव्हते. या निकालाचा अर्थ ‘मुलींना गणित येत नाही’ असाही लावता आला असता. डेव्हिसबाईंनी तो ‘मुलींना गणित शिकवत नाहीत’ असा लावला. शाळांनी शिकवणे सुधारले आणि १८६५ पासून मुलींना रीतसर प्रवेश मिळाला. मला या साऱ्या इतिहासात ही घटना सर्वांत मोठी वाटते. बाहेरून आलेला पेपर मुलाइतकीच शाळेचीही परीक्षा घेतो, हे तिथे सिद्ध झाले. पुढे चारच वर्षांनी याच बाईंनी मुलींचे कॉलेज काढले, ते आजचे गर्टन.

याच दशकात पेटी बोटीत चढली आणि वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला पोचली. साहेबाच्या राज्यात आणखी कुठे कुठे मग ती जात राहिली. प्रश्नपत्रिका बोटीने यायच्या, उत्तरपत्रिका बोटीने जायच्या, आणि निकालासाठी महिनोन् महिने वाट पाहायची. हिंदुस्थानात तिचे गिऱ्हाईक मर्यादित होते. इथल्या मुलांसाठी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक होती. १८५९ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा महादेव गोविंद रानडे उत्तीर्णांत होते. केंब्रिजची परीक्षा युरोपियन आणि अँग्लो-इंडियन शाळांकडे गेली. ‘सीनियर केंब्रिज झालेला’ हे शब्द आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून सापडतात.

पण परीक्षा बोटीने आली म्हणून मुलांचे बोटीने जाणे थांबले नाही. वसाहतीतला इंग्रज आपले मूल पाच-सहा वर्षांचे झाले की ‘मायदेशी’ पाठवून देई. हवा सोसत नाही हे एक कारण. नोकराचाकरांत राहून मुलाच्या इंग्रजीला देशी हेल लागेल, ही भीती दुसरे कारण. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. वडील तिथे शिक्षक होते. घरी रोमन कॅथलिक आया आणि हिंदू गडी. पोराची पहिली बडबड हिंदुस्थानीत. १८७१ मध्ये त्याला आणि तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडमधल्या साउथसी गावी पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या एका अनोळखी घरी ठेवून आईवडील मुंबईला परतले. पुढची सुमारे सहा वर्षे त्या मुलाने तिथे जो जाच सोसला, त्याचे वळ त्याच्या लिखाणात शेवटपर्यंत राहिले. किपलिंगचे नाव झाले म्हणून आपल्याला हे कळते. अशी हजारो मुले होती, आणि त्यांच्या माताही होत्या.

परक्या देशातली इंग्रजी पद्धतीची दिवसाची शाळा या दुःखातून जन्मली. मुलाने सकाळी जावे आणि दुपारी घरी यावे, एवढीच तिची मूळ प्रतिज्ञा. १९२५ मध्ये सिंगापुरात अ‍ॅन ग्रिफिथ-जोन्स या शिक्षिकेने टँगलिन क्लबच्या आवारात पाच मुलांना घेऊन अशी शाळा सुरू केली. मुलांना इतक्या लहान वयात इंग्लंडला धाडावे लागू नये, हाच हेतू. सगळे तिला ‘मिस ग्रिफ’ म्हणत. पुढे जपान्यांनी सिंगापूर घेतले तेव्हा तिला तिथल्या चांगीच्या तुरुंगात नजरकैदेत टाकले. तिथेही तिने कोंडलेल्या मुलांना शिकवले. युद्धानंतर तिची शाळा पुन्हा भरली आणि आज टँगलिन ट्रस्ट स्कूल या नावाने अडीच हजारांहून जास्त मुलांना शिकवते. योगायोग असा की त्याच १९२५ साली आपल्या नाशिकजवळ देवळालीला बार्न्स स्कूल उघडले. मुंबईची जुनी संस्था मोकळ्या हवेसाठी देवळालीच्या माळावर आली होती. तेही इंग्रजी वळणाचे, पण निवासी. एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या: एक मुलाला मोकळ्या हवेत नेणारी, दुसरी त्याला घरी ठेवणारी.

प्रमाणपत्रांची नावे मधल्या काळात बदलत गेली, त्यांत फार अडकायला नको. १९५१ मध्ये इंग्लंडात ओ-लेव्हल (शालान्त) आणि ए-लेव्हल (विद्यापीठपूर्व) या परीक्षा आल्या आणि मग परदेशातही गेल्या. भारतात १९५८ मध्ये सीनियर केंब्रिजच्या जागी देशी व्यवस्था उभारण्यासाठी स्वतंत्र कौन्सिल स्थापन झाले. आजचे आयसीएसई बोर्ड ते हेच. म्हणजे ‘आयसीएसई आपले आणि केंब्रिज परके’ असे म्हणताना ही दोन्ही एकाच घरची आहेत, याची आठवण असावी.

खरा पालट झाला १९८८ मध्ये. इंग्लंडने ओ-लेव्हल मोडीत काढून जीसीएसई ही नवी परीक्षा आणली. तिच्यात वर्षभराच्या कामाला वजन होते आणि ते काम शाळेतल्याच शिक्षकांनी तपासायचे होते. इंग्लंडात हे चालून गेले. नैरोबीच्या किंवा कराचीच्या शिक्षकाने दिलेले गुण लंडनच्या गुणांशी कसे ताडायचे, हा प्रश्न मात्र उरला. केंब्रिजने मग परदेशासाठी आयजीसीएसई बेतली. तिची बांधणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. एकाच विषयाचे दोन स्तर ठेवले. साध्या स्तराला ‘सी’च्या वरची श्रेणी मिळत नाही, पण झेपणारा पेपर मिळतो, वाढीव स्तरावर वरच्या श्रेणी खुल्या. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी एक पेपर आणि दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी वेगळा. विज्ञानात तर प्रयोगाला पर्याय म्हणून लेखी पेपर काढला. ब्युरेटचे चित्र देऊन त्यावरचे माप वाचायला लावायचे, आकडे देऊन आलेख काढायला लावायचा, प्रयोगात चूक कुठे शिरली ते विचारायचे. सुसज्ज प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतल्या मुलाची वाट त्याने अडली नाही. खरा प्रयोग हाताने करण्याची सर त्याला येत नाही, हे मी मान्य करतो. तरी दूरच्या मुलाचा विचार करून पेपर काढणारे कोणीतरी तिथे बसले होते, याची खूण म्हणून मला तो पेपर आवडतो.

१९८८ मध्येच इंग्लंडात राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा कायदा झाला. कोणत्या वयाला काय यायला हवे, याचे टप्पे त्याने ठरवले. परदेशातल्या शाळांना हे देणे आयतेच मिळाले. वसाहती गेल्यावर साहेबाच्या जागी आता कंपन्यांचे, बँकांचे आणि वकिलातींचे लोक होते, दोन-तीन वर्षांनी बदली होणारे. दिल्लीची ब्रिटिश स्कूल आणि दुबईची इंग्लिश स्पीकिंग स्कूल या दोन्ही १९६३ च्या. त्या अशाच कुटुंबांसाठी निघाल्या. जकार्तात चौथ्या इयरमध्ये असलेली मुलगी बदलीनंतर दुबईत चौथ्याच इयरमध्ये बसते, अकराव्या इयरला आयजीसीएसई देते आणि तेराव्याला ए-लेव्हल. गाव बदलले तरी पायरी बदलत नाही. परक्या गावात मैत्रिणी नव्याने जोडाव्या लागणाऱ्या मुलीला निदान गणिताचा धडा ओळखीचा भेटतो, ही लहान गोष्ट नाही.

कुलूपबंद पेटीचे आजचे रूपही पाहण्यासारखे आहे. पृथ्वीवर एकाच वेळी सकाळ होत नाही, त्यामुळे जगाचे विभाग पाडले आहेत आणि त्यांना एकाच विषयाच्या निरनिराळ्या प्रश्नपत्रिका जातात. पेपर लवकर संपला तरी ठरलेल्या घटकेपर्यंत मुलांना शाळेच्या देखरेखीखाली थांबावे लागते, फोन न वापरता. दुसऱ्या देशातल्या मित्राला प्रश्न कळू नयेत, म्हणून हा सारा खटाटोप.

ज्यांच्यासाठी या शाळा निघाल्या, ते आता तिथे अल्पसंख्य आहेत. जगभरच्या अशा शाळांतली बहुतेक मुले त्या त्या देशातल्याच घरांतली असतात. सिंगापूर सरकारने यावर बंधन ठेवले आहे. तिथल्या नागरिकांच्या मुलांना अशा शाळेत जायला शिक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. मॉरिशसची रीत अगदी उलट आहे. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज जिथे राहतात, त्या बेटावर सरकारी शाळांतली मुलेही केंब्रिजचीच प्रमाणपत्रे घेऊन बाहेर पडतात. महाराष्ट्रात परवानगीचे बंधन नाही, आणि केंब्रिज सरकारी शाळांत जवळजवळ नाहीच. इथे दार अडवते ती फी. दुकानदाराच्या मुलासाठी निघालेली परीक्षा मुंबईत मोजक्या श्रीमंतांची ठेव व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही इथल्या मातीने तिला थोडे वाकवले आहे. मे-जूनच्या सत्राचा निकाल ऑगस्टात लागतो. तोवर आपली अकरावीची प्रवेशप्रक्रिया बरीच पुढे सरकलेली असते आणि मुले खोळंबतात. भारतातल्या शाळांची ही अडचण पाहून केंब्रिजने मार्चचे सत्र सुरू केले. दुसरा बदल राज्याने घडवला. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. न पाळल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड. हा कायदा मला हवाच होता. पण वर्गातली गाठ दंडाने सुटत नाही. पुण्याजवळच्या कारखान्यांमुळे कोरियातून आणि जर्मनीतून आलेली मुले असतात. त्यांच्या शेजारच्या बाकावर घरी आजीशी मराठी बोलणारी मुलगी असते, आणि दोघांपुढे एकाच बाईंनी एकच धडा शिकवायचा असतो. इंग्रजीसाठी केंब्रिजने ही गाठ १९८८ मध्येच दोन वेगळे पेपर काढून सोडवली. मराठीसाठी ते काम आपल्यालाच करायचे आहे: मराठी घरची भाषा नसलेल्या मुलासाठी पायरीपायरीने चढणारी पुस्तके, ऐकण्या-बोलण्याला गुण देणारी चाचणी आणि ती शिकवायला तयार केलेले शिक्षक. या शाळांकडे पैसा आहे, लहान वर्ग आहेत आणि परभाषिक मुलेही आहेत. अशी पुस्तके पहिल्यांदा तिथेच लिहून, शिकवून पाहता येतील आणि मग ती भिवंडीच्या महापालिका शाळेत आलेल्या तेलुगू मुलाच्याही हाती देता येतील.