हवामानांतील पालट : शंका आणि शहानिशा

वाद दोन प्रकारचे असतात. एकांत शंका घेणाराला उत्तर हवें असतें. दुसऱ्यांत त्याला उत्तर लांबवावयाचें असतें. हवामानांतील पालटाच्या वादांत दोन्ही प्रकार आढळतात, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळें सुशिक्षितांचाही गोंधळ उडतो.

दगडी कोळसा जळाला म्हणजे कर्बद्विप्राणिल वायु निघतो. हा वायु उष्णतेचे किरण अडवितो, हें जॉन टिंडल यांनीं १८५९ सालीं प्रयोगानें दाखविलें. त्याच्या वाढीनें पृथ्वी किती तापेल, याचें गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनीं १८९६ सालीं मांडलें.

फेब्रुवारी १९३८ मध्यें गाय कॅलेंडर या इंजिनीयरांनीं लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढें निबंध वाचला. जगांतील सुमारें दीडशें ठिकाणच्या नोंदींवरून, पन्नास वर्षांत पृथ्वी जवळजवळ पाव अंशानें तापली असून कोळशाचा धूर हें त्याचें एक कारण आहे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. त्यांना स्वतःला ही ऊब हितकारकच वाटत होती. ब्रिटिश हवामानखात्याचे प्रमुख सर जॉर्ज सिम्पसन पूर्वीं सिमल्यास नोकरीस होते. त्यांना हा योगायोग वाटला. जादा वायु समुद्र शोषून घेईल, असेंही त्या काळीं म्हटलें जाई. या शंका रास्त होत्या.

त्यांचें निरसन मोजमापांनीं झालें. समुद्राच्या शोषणाला मर्यादा आहे, हें रॉजर रेव्हेल व हान्स स्यूस यांनीं १९५७ सालीं दाखविलें. पुढल्याच वर्षीं चार्ल्स कीलिंग यांनीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हा वायु मोजण्यास आरंभ केला. तेव्हां तो हवेच्या दहा लक्ष भागांत सुमारें ३१५ भाग होता. आज ४२० हून अधिक आहे. सूर्य प्रखर झाल्यामुळें पृथ्वी तापत असती, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षांत स्थितांबर थंड होत गेलें आहे.

१९८८ सालीं जेम्स हॅन्सन यांनीं अमेरिकन सिनेटच्या समितीपुढें साक्ष दिली आणि वाद सभागृहांतून वर्तमानपत्रांत आला. १९८९ सालीं तेल, कोळसा व मोटारींच्या धंद्यांनीं ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ हा संघ स्थापला. चारचौघांत हा संघ शंका पसरवीत होता. परंतु या परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारतां येत नाहीं, असें त्याच्याच सल्लागारांच्या १९९५ च्या मसुद्यांत होतें. प्रतिपक्षाच्या उपपत्तींचें खंडन करणारा त्यांतील भाग पुढें वगळण्यांत आला. या वायूचा बराच भाग शतकानुशतकें हवेंत राहतो; म्हणून अशा विलंबाचें मोल पुढील पिढ्यांना द्यावें लागतें.

श्रोतेहो, शंका घेणें सोडूं नये. कोणत्या प्रदेशांत पाऊस किती पालटेल, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाहीं. मात्र शंका ऐकली म्हणजे विचारावें : कोणतें मोजमाप हातीं आलें असतां ही फिटेल? ज्याच्यापाशीं याचें उत्तर नाहीं, त्याला ती फेडून घ्यावयाचीच नसते.