आयोडीन-न्यूनतेचे परीक्षण
आयोडीन-न्यूनतेचे परीक्षण : अवटु ग्रंथीचा स्राव आवश्यकतेपेक्षा कमी पडणे (अवटु-न्यूनता) आणि आहारातील आयोडीन कमी पडणे या दोन गोष्टी एकच आहेत, असा समज आढळतो. त्यांचा परस्परसंबंध जवळचा असला, तरी त्या भिन्न आहेत आणि त्या ओळखण्याच्या कसोट्याही भिन्न आहेत. थायरॉक्सिन या हॉर्मोनाच्या (सरळ रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक स्रावाच्या) प्रत्येक रेणूत आयोडिनाचे चार अणू असतात. त्यामुळे आयोडीन दीर्घकाळ अगदीच अपुरे पडल्यास हॉर्मोन तयार होऊ शकत नाही. मात्र आयोडीन पुरेसे असूनही ग्रंथी निकामी होऊ शकते. हा भेद स्पष्ट होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

बेर्नार कूर्त्वा (१७७७–१८३८) यांनी १८११ मध्ये समुद्रशैवलाच्या राखेतून आयोडीन मिळविले. गळ्याच्या गाठीवर जळलेल्या स्पंजाची राख देण्याची प्रथा जुनी होती. तिचा गुण आयोडिनामुळेच येत असावा, असा तर्क करून जिनीव्हा येथील झां फ्रांस्वा क्वँदे (१७७४–१८३४) यांनी १८२० मध्ये गलगंडाच्या रोग्यांना आयोडीन दिले. अनेकांचे गंड लहान झाले, तथापि काहींना धडधड, कंप व झपाट्याने येणारी कृशता असा त्रास झाला. मात्रा किती द्यावी आणि मुळात कोणास द्यावी, हे ठरविण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. परिणामी हे औषध लवकरच बदनाम झाले.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ आदॉल्फ शातँ (१८१३–१९०१) यांनी १८५० नंतरच्या काही वर्षांत पाणी, माती व खाद्यपदार्थ यांतील आयोडीन मोजले आणि जेथे ते कमी तेथे गलगंड अधिक, असे दाखविले. इतक्या सूक्ष्म राशींचे मापन विश्वसनीय मानण्यास समकालीन विद्वान तयार नव्हते. शातँ यांचे निष्कर्ष बाजूला पडले व स्विस रसायनशास्त्रज्ञ टेओडोर फोन फेलेनबेर्ख यांनी १९२० नंतरच्या दशकात केलेल्या मापनांनी ते मुख्यतः खरे ठरले. दरम्यान ऑइगेन बाउमान (१८४६–९६) यांना अवटु ग्रंथीत आयोडीन असल्याचे आढळले होते. भारतात गिलगिट भागात काम करणारे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन (१८७८–१९६०) यांचा कल मात्र दूषित पाण्याकडे होता. त्यांनी गढूळ पाण्यातील गाळ स्वतः पिऊन पाहिला व आपला गळा सुजल्याचे नोंदविले. प्रयोग धाडसी होता, पण त्याने आयोडिनाचा प्रश्न सुटला नाही.

परीक्षणाचे खरे साधन १९३०–४० या दशकात लाभले. ई. बी. सँडेल व आय. एम्. कोल्थॉफ यांनी शोधलेल्या विक्रियेत सिरियमाच्या पिवळ्या लवणाचा रंग आर्सेनियस अम्लामुळे नाहीसा होतो. आयोडाइड उत्प्रेरक असल्याने ते जितके अधिक तितका रंग लवकर जातो. रंग जाण्याच्या वेगावरून आयोडीन मोजण्याची ही रीत आजही मूत्र-परीक्षणात वापरली जाते. आहारातील आयोडिनापैकी सु. ९० टक्के मूत्रावाटे बाहेर पडत असल्यामुळे मूत्र हेच सोयीचे माध्यम ठरले.

किरणोत्सर्गी आयोडिनाने दुसरी बाजू उजेडात आणली. जॉन स्टॅनबरी व त्यांचे सहकारी यांनी १९५१ मध्ये अर्जेंटिनातील मेंडोसा प्रांतात गलगंडाच्या रोग्यांना ते अल्प मात्रेत दिले. त्यांच्या ग्रंथींनी ते अधाशीपणे शोषून घेतले, तर मूत्रात फारच थोडे उतरले. ग्रंथी दुबळी नसून उपाशी होती. निकामी झालेल्या ग्रंथीत याच्या उलट, शोषण बहुधा कमी आढळते.

भारतातील निर्णायक पुरावा हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यातला. व्ही. रामलिंगस्वामी (१९२१–२००१) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तेथे तीन विभाग पाडून दोहोंत आयोडीनयुक्त मीठ व एकात साधे मीठ पुरविले. आरंभी सु. ४० टक्क्यांच्या आसपास असलेले गलगंडाचे प्रमाण आयोडीनयुक्त मिठाच्या विभागांत १९६८ पर्यंत सु. १० टक्क्यांच्या खाली आले. साध्या मिठाच्या विभागात पहिल्या टप्प्यात तसा उतार पडला नाही, म्हणून १९६२ नंतर तेथेही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. त्याच वर्षी राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

या परंपरेतून जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेला निकष समूहासाठी आहे. शाळकरी मुलांच्या मूत्रातील आयोडिनाचा मध्यक लिटरमागे १०० ते १९९ मायक्रोग्रॅम असल्यास त्या वस्तीचा पुरवठा पुरेसा समजतात. २० पेक्षा कमी मध्यक तीव्र न्यूनता दर्शवितो. गर्भवतींसाठी १५० ते २४९ ही मर्यादा आहे. एका व्यक्तीच्या एका नमुन्यास हे आकडे लावणे चुकीचे होय. आदल्या दिवशीच्या जेवणातील मीठ वा मासळी, प्यायलेले पाणी, इतकेच नव्हे तर नमुना घेण्याची वेळ यांनुसारही तो आकडा बदलतो. एका व्यक्तीची स्थिती अदमासे जाणण्यासही सु. दहा नमुने लागतात.

अवटु-न्यूनतेच्या रोग्याच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. उपचारासाठी दिलेल्या थायरॉक्सिनाच्या वजनाचा सु. ६५ टक्के भाग आयोडिनाचाच असतो. १०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेणाऱ्याच्या मूत्रात त्यातील मुक्त झालेले आयोडीनही उतरते आणि आहाराचा अंदाज फसतो. क्ष-किरण चित्रणासाठी टोचलेली आयोडीनयुक्त द्रव्ये व ॲमिओडॅरोन हे हृदयविकारावरील औषध यांमुळे तर काही आठवडे वा महिने परीक्षण निरर्थक होते. त्वचेवर टिंक्चर आयोडिनाचा ठिपका लावून तो किती वेळात पुसट होतो ते पाहण्याची एक घरगुती कसोटी प्रचारात आहे. ठिपक्यातील आयोडिनाचा मोठा भाग हवेत उडून जातो आणि शरीरातील साठ्याशी त्याचा संबंध नसतो. मोठी मात्रा पाजून तिचा किती टक्के भाग मूत्रात येतो ते पाहणाऱ्या भारण-कसोटीसही पुरेसा शास्त्रीय आधार नाही, शिवाय ती मात्रा स्वतःच अपायकारक ठरू शकते. मिठावर स्टार्चयुक्त द्रावणाचा थेंब टाकल्यावर येणारा निळा रंग फक्त मिठातील आयोडिनाविषयी सांगतो, ते मीठ खाणाऱ्याविषयी नव्हे.

आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या प्रदेशांत अवटु-न्यूनतेचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे हाकारू हाशिमोटो (१८८१–१९३४) यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला ग्रंथिशोथ. शरीर स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे बनविते, हे आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले. अशा रोग्यास अधिक आयोडीन देणे लाभाचे नसते. जादा आयोडिनाने हॉर्मोननिर्मिती काही काळ थांबते, हे जे. वोल्फ व आय्. एल्. चायकॉफ यांनी १९४८ मध्ये उंदरांत दाखविले. निरोगी ग्रंथी काही दिवसांत त्यातून सावरते, रोगग्रस्त ग्रंथी बऱ्याचदा सावरत नाही. म्हणून निदानासाठी प्रथम रक्तातील अवटु-उद्दीपक हॉर्मोन व मुक्त थायरॉक्सिन मोजतात. प्रतिपिंडांची तपासणी कारण शोधण्यास उपयोगी पडते. रोगी कोणते मीठ वापरतो आणि कोणत्या प्रदेशात राहतो, ही विचारपूस मूत्राच्या एका नमुन्यापेक्षा बहुधा अधिक सांगून जाते. भारतात खाण्यासाठी थेट विकल्या जाणाऱ्या साध्या मिठावर २००६ पासून पुन्हा बंदी असून ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. तथापि सैंधव वा खडेमीठच वापरणाऱ्या, तसेच वैद्यकीय सल्ल्याने मीठ टाळणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत ही हमी धरता येत नाही.