जुने सोने, नवा दागिना : सुवर्ण-पुनर्वापराचा इतिहास आणि माणदेशातील गलाई व्यवसाय

प्रस्तावना

मौल्यवान धातूंच्या पुनर्वापरातून घडविलेल्या 'शाश्वत' अलंकारांना अलीकडे जागतिक बाजारपेठेत विशेष प्रतिष्ठा लाभली आहे. डेन्मार्कच्या पँडोरा या कंपनीने २०२० मध्ये, यापुढे केवळ पुनर्वापरातील सोने व चांदी वापरण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. खाणकामामुळे होणारी जंगलतोड, तसेच पारा व सायनाइड यांचे प्रदूषण लक्षात घेता या विचाराचे महत्त्व नाकारता येत नाही. तथापि जुने सोने आटवून नवा दागिना घडविणे महाराष्ट्रातील कुटुंबांना नवे नाही. आजीच्या पाटल्या मोडून नातीचे गंठण करणे हा येथील सर्वसाधारण व्यवहार आहे. सराफ पेढीवर 'मोड', 'घट' आणि 'घडणावळ' हे शब्द त्याच व्यवहारातून रुळले. प्रस्तुत निबंधात या परंपरेचा संक्षिप्त इतिहास मांडला असून, ती ज्यांच्या श्रमावर उभी आहे त्या गलाई व्यावसायिकांचे स्थान तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पुनर्वापराची जुनी परंपरा

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्ष व सौवर्णिक यांच्या कर्तव्यांचे विवेचन येते. कसोटीवर सोन्याचा कस कसा पाहावा, घडणीत किती घट ग्राह्य धरावी आणि सोनाराच्या लबाडीस कोणता दंड असावा, याचे नियम तेथे दिले आहेत. सोने हातोहात फिरणार, वितळणार आणि पुन्हा घडणार हे शासनाने तेव्हाच गृहीत धरले होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त टांकसाळीतील सोने शुद्ध करण्याच्या पद्धती नोंदविल्या. राखेतून व मातीतून धातूचे कण धुऊन काढणाऱ्या 'नियारिया' या कारागिराचाही उल्लेख त्याने केला. महाराष्ट्रात हेच काम झारेकरी करीत आले. सोनाराच्या दुकानातील केर व राख विकत घेऊन त्यातील धातू वेगळा काढणे, हा त्यांचा उदरनिर्वाह होता.

दागिन्याचे द्रव्यही अनेकदा दुसऱ्या रूपातून आलेले असे. पुतळ्यांच्या माळेतील 'पुतळी' हे नाव व्हेनिसच्या सुवर्णनाण्यावरील मानवाकृतीवरून पडले, असे सामान्यतः मानले जाते. व्यापारातून आलेले परदेशी नाणे येथे अलंकार झाले आणि अडचणीच्या काळी तोच अलंकार पुन्हा पैसा झाला.

या सातत्याची एक किंमत मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला मोजावी लागते. कार्ले येथील दंपतिशिल्पांच्या अंगावर कर्णभूषणे, हार व कटिबंध स्पष्ट दिसतात; परंतु त्या काळातील प्रत्यक्ष सुवर्णालंकार अत्यल्प उरले आहेत. मुशीत गेलेल्या दागिन्याचे वजन शिल्लक राहते, पण त्याचा आकार, कारागिरी व काळ कायमचे पुसले जातात.

माणदेश आणि गलाई

गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून त्यातील मिश्रधातू वेगळे करणे व शुद्ध धातूची लगड तयार करणे. विसाव्या शतकात हे काम देशभर पसरविण्यात सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि लगतच्या दुष्काळी तालुक्यांतील तरुणांचा वाटा मोठा आहे. विटा परिसर हे या व्यवसायाचे प्रमुख केंद्र होय. पर्जन्यछायेतील या प्रदेशात केवळ शेतीवर कुटुंब चालविणे कठीण होते. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी येण्यापूर्वीच्या पिढ्यांना स्थलांतर हाच मार्ग उपलब्ध होता. काही मुंबईच्या गिरण्यांकडे वळले, तर अनेकांनी भावकीतील वा सोयऱ्यांच्या गलाई दुकानाची वाट धरली. प्रथम हाताखाली काम, मग कसब आणि शेवटी जमल्यास स्वतःचे दुकान, असा हा क्रम असे. केरळ व तमिळनाडूपासून उत्तर प्रदेश व बिहारपर्यंतच्या सराफ बाजारांत ही मराठी दुकाने उभी राहिली.

या कामाचे तंत्र सोपे नाही. जुन्या दागिन्यात तांबे, चांदी व डाक मिसळलेला असतो. सोन्याचा अंश एकूण वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्शावर येईल इतकी चांदी त्यात मिसळून मिश्रण वितळवितात आणि त्याचे बारीक कण करून नत्राम्लात, म्हणजेच तेजाबात, टाकतात. चांदी व तांबे विरघळते. सोने तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी उरते. ते धुऊन टाकणखारासह मुशीत वितळविले की लगड मिळते. द्रावणात तांब्याचा पत्रा ठेवून चांदीही परत मिळविली जाते. या पद्धतीत धातू वाया जात नाही.

वाया जाते ते आरोग्य. नत्राम्लाच्या क्रियेतून निघणारा तांबूस धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असून तो फुप्फुसांना घातक आहे. 'केडीएम' दागिन्यांच्या डाकात कॅडमियम असते. ते ७६७ अंश सेल्सिअसला उकळते, तर सोने १०६४ अंशांना वितळते. त्यामुळे सोने वितळण्याआधीच कॅडमियमची विषारी वाफ कारागिराच्या श्वासात जाऊ शकते. दाट वस्तीतील अरुंद खोलीत हा धोका अधिकच वाढतो.

सुवर्णनियंत्रणाचा काळ

१९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण व सोन्याची तस्करी यांना आळा घालण्यासाठी, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण नियम लागू झाले. १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली आणि असंख्य सोनारांची रोजी बुडाली. तीव्र असंतोषानंतर त्याच वर्षी ग्राहकांच्या जुन्या दागिन्यांतून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्याची सवलत द्यावी लागली. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट रद्द झाली. पुनर्वापराची परंपरा मोडता येत नाही, ही जणू शासनाने दिलेली कबुलीच होती.

मात्र १९६८ च्या सुवर्ण (नियंत्रण) अधिनियमाने खाजगी व्यक्तीस लगडीच्या स्वरूपातील सोने बाळगण्यास बंदी केली आणि शुद्धीकरणासाठी परवाना आवश्यक ठरविला. दागिना वैध, पण दोन दागिन्यांमधली लगड संशयास्पद, अशी ही स्थिती होती. गलाईचे सारे काम नेमके याच मधल्या अवस्थेत चालते. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. दागिन्यावरील सहा अक्षरांकी क्रमांकामुळे त्याच्या शुद्धतेची खात्री पटते. ते सोने कोणाच्या हातून शुद्ध झाले, हे त्यावरून कळत नाही.

समारोप

आजवर खाणींतून काढलेले दोन लाख टनांहून अधिक सोने बहुतांशी आजही मानवाच्या ताब्यात आहे आणि वार्षिक जागतिक पुरवठ्याचा सुमारे चौथा भाग पुनर्वापरातून येतो. सोने कोणी टाकून देत नाही. म्हणून 'पुनर्वापरातील' अशी मोहोर उमटविल्याने खाणकाम आपोआप कमी होत नाही. महाराष्ट्रातील अनुभव आणखी एक गोष्ट दाखवितो. येथील पुनर्वापरामागे पर्यावरणाचा विचार नव्हता, तर बचतीची गरज आणि दुष्काळी गावांतील माणसांचे स्वस्त श्रम होते. धातूचा उगम पाहणारी शाश्वततेची कल्पना, त्या श्रमाचा हिशेब घेत नसेल तर अपुरी आहे.

ज्या मुशीत जुन्या दागिन्यांचा इतिहास नष्ट होतो, तिच्यापाशी बसणाऱ्या माणसाचा इतिहासही तसाच विरून जाण्याचा धोका आहे. सुवर्णनियंत्रण काळातील परवाने, दुकानांच्या वह्या, गावाकडे आलेली पत्रे आणि वृद्ध कारागिरांच्या आठवणी ही त्याची साधने होत. सांगली, सातारा परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांचे संकलन हाती घ्यावे. रसायनशास्त्राने धुराचा, अर्थशास्त्राने स्थलांतरित उत्पन्नाचा अभ्यास जोडावा. एका विद्याशाखेने पुरे होणारे हे काम नाही, आणि ज्या पिढीने सुवर्णनियंत्रण अनुभवले ती आता वार्धक्यात आहे.