इन्स्ट्रुमेंटेशन प्रशिक्षण : ताथवडे–चाकण पट्टा
कारखान्यातील तापमान, दाब, प्रवाह व पातळी मोजून प्रक्रिया आपोआप आटोक्यात ठेवण्याच्या तंत्राचे शिक्षण. ताथवड्यात राजर्षी शाहू अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पिंपरी, भोसरीचे कारखाने जवळच. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक अभ्यासक्रम किंवा तीन वर्षांची पदविका घेता येते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार कारखान्यातही शिकता येते. खरे कसब ४–२० मिलिअँपिअर लूप, म्हणजे मोजमाप विद्युतप्रवाहाच्या रूपात कळवणारे मंडल, समजण्यात : १२ म्हणजे नेमका निम्मा पल्ला, आणि शून्याची खूण ४ वर असल्याने तुटलेली तार लगेच उघडी पडते. पीटी-१०० संवेदक ०° से. ला १०० ओहम, १००° से. ला सुमारे १३८.५ ओहम रोध दाखवतो. पीएलसीच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या नियंत्रकाच्या) ओढीने विद्यार्थी कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणांची अचूकता तपासून जुळवणे, टाळतात, हे महागात पडते. कंट्रोल व्हॉल्व्ह अडकत असेल, तर प्रोग्रॅम कितीही सुबक असला तरी टाकीची पातळी वरखाली होतच राहते.