पाणी विचारणे

उन्हातून आल्या आल्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावू नये, असे लहानपणी घरोघरी बजावत. आधी घटकाभर टेकायचे, गुळाचा खडा चघळायचा, मग माठाकडे वळायचे. माठाच्या तळाशी वाळ्याची जुडी असे, क्वचित वर मोगऱ्याची दोन फुले तरंगत. पुढे पन्हे यायचे, चैत्रगौरीची कैरीची डाळ यायची, आंब्याची अढी लागायची. पण उन्हाळ्याचे पहिले सुख म्हणजे त्या पाण्याचा घोट. इतके साधे की त्याचा इतिहास लिहावा असे कुणाला वाटू नये.

मला तो शोधावासा वाटला एका वाक्प्रचारामुळे. दारी आलेल्याला मराठीत पाणी 'विचारतात'. 'तासभर बसलो, पण साधे पाणीही विचारले नाही,' ही तक्रार आपल्याकडे फार गंभीर समजली जाते. हिंदीत 'पानी तक नहीं पूछा' म्हणता येते, त्यामुळे भाषांतर करताना तिथे अडत नाही. इंग्रजीत अडते. तिथे पाणी देता येते, घेता येते, नाकारता येते; विचारणे मात्र वाक्यातून गळून पडते. माझ्या मते गार पाण्याचा सगळा इतिहास त्या गळून पडलेल्या क्रियापदात आहे.

पाणी गार करणे ही गोष्ट आपल्याला फार पूर्वी साधली. मातीचा माठ पाझरतो, पृष्ठभागावरचा ओलावा वाफ होऊन उडतो आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. कुंभाराने हे शास्त्राच्या भाषेत कधी मांडले नसेल, पण कोणती माती किती भाजली तर माठ नीट पाझरेल, हे त्याच्या हाताला ठाऊक होते.

राजेलोकांना तेवढ्यावर समाधान नव्हते. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या आबदारखान्याची हकिगत आहे. बादशहासाठी गंगेचे पाणी मोहोरबंद भांड्यांतून येई. ते गार करायला सोरा वापरत. शेरभर पाणी चांदीच्या किंवा तशाच धातूच्या सुरईत भरून तोंड बंद करायचे, मोठ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात ती सुरई घोळवत राहायची. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. बंदुकीच्या दारूत आग ओकणारा तोच सोरा इथे पाणी गार करतो, याचे कौतुक अबुल फजललाही वाटले होते. दरबार पंजाबात गेल्यावर लाहोरच्या उत्तरेच्या डोंगरांतून नावा, गाड्या आणि हमाल यांच्या साखळीने बर्फ येऊ लागला.

मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांच्या यादीत अबदारखाना आहे आणि दारूखानाही आहे. दारू म्हणजे इथे बंदुकीची. फारसी 'आब' मराठीच्या राज्यकारभारात अशी मुरली होती. पण अबदाराचे पाणी मालकासाठी असे. सुरई घोळवणाऱ्याला त्यातला घोट मिळे का, हे अशा ग्रंथांत लिहीत नाहीत.

अठराव्या शतकात रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने अलाहाबादेकडे बर्फ कसा तयार करतात, हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. ते टिपण 1775 साली छापले गेले. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली चिपाडे पसरायची, त्यावर मातीच्या पसरट परळांची रांग मांडायची आणि संध्याकाळी त्यांत उकळून निववलेले पाणी ओतायचे. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री, हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही, पहाटेपर्यंत परळांत बर्फाचा पापुद्रा धरतो. सूर्य उगवण्याआधी तो गोळा करायचा, गवत आणि कांबळी लावलेल्या खोल खड्ड्यात धुमसाने ठोकून बसवायचा आणि वर छप्पर घालायचे. उन्हाळ्यात साहेबाच्या पेल्यात पडणारा खडा असा जानेवारीच्या पहाटे कुणीतरी कुडकुडत, उघड्या बोटांनी वेचलेला असे.

मग हा धंदा समुद्रापलीकडून आला. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला गोठलेला बर्फ करवतीने कापून उष्ण देशांत विकत असे. 12 मे 1833 रोजी त्याचा 180 टन बर्फ 'टस्कनी' जहाजातून निघाला आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोहोचला. चार महिन्यांच्या प्रवासात, दोनदा विषुववृत्त ओलांडूनही, सुमारे 100 टन शिल्लक होता. सरकारने त्यावरची जकात माफ केली, गव्हर्नर जनरल बेंटिंकने ट्यूडरच्या प्रतिनिधीला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला प्याला भेट दिला. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत बर्फासाठी खास कोठारे उभी राहिली. मद्रासचे कोठार अजून समुद्रकिनारी उभे आहे. 1897 साली स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आज ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. जुने लोक अजून त्या भागाला 'आइस हाउस' म्हणतात.

या व्यापाराने एक धागा मराठी साहित्यापर्यंतही आणला. 1846-47च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसे वॉल्डन तळ्यावर बर्फ कापायला आली, तेव्हा काठावरच्या झोपडीत हेन्री डेव्हिड थोरो राहत होता. आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक पिणार आणि ते गंगेच्या पाण्यात मिसळणार, ही कल्पना त्याने 'वॉल्डन'मध्ये रंगवली. त्या पुस्तकाचे मराठी भाषांतर दुर्गा भागवतांनी केले. आपल्या बारा महिन्यांचे 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या लेखिकेच्या हाती ते तळे लागावे, हे मला फार योग्य वाटते.

1870च्या दशकात मद्रास आणि कलकत्त्यात यंत्राने बर्फ होऊ लागला आणि जहाजांचा बर्फ हळूहळू बंद पडला. साहेबाच्या मेजावरचा खडा कालांतराने गोळेवाल्याच्या रंध्याखाली आला आणि लाल-हिरवे सरबत ओढून पोरांच्या हातात पडला. गारव्याचा इतिहास इथे सुखान्त वाटतो: बादशहाचे होते ते सर्वांचे झाले.

पण त्याच काळातली उन्हाळ्याच्या सुटीची एक गोष्ट आहे. 1901 साली साताऱ्याहून चार मुले वडिलांना भेटायला निघाली: नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीचे दोन मुलगे. वडील खटाव तालुक्यात रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होते. मुलांनी सुटीसाठी नवे कपडे, नवे जोडे, जरीच्या टोप्या घातल्या होत्या. मसूर स्टेशनावर उतरल्यावर स्टेशनमास्तरने ती कोण आहेत हे विचारले, उत्तर ऐकले आणि मागे सरकला. गाडीवानांपैकी कुणी तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे. शिदोरी सोबत होती, पाणी नव्हते. वाटेतल्या नदीच्या डबक्यात शेणमूत मिसळलेले होते. रात्री टोलनाक्यावर पोहोचल्यावर गाडीवानाच्या सल्ल्यावरून भीमरावांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून उर्दूत पाणी मागितले. पाणी मिळाले नाही. मुले तशीच, उपाशी झोपली.

डॉ. आंबेडकरांनी ही आठवण 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये इंग्रजीत लिहिली. ती वाचताना भाषांतरकाराच्या सवयीने मी मनात तिचे मराठी करत जाते आणि त्या नाक्यावर थबकते. इंग्रजीत मुलगा पाणी मागतो आणि ते नाकारले जाते, एवढे पुरते. मराठीत त्याआधीच काहीतरी घडून गेलेले असते. उन्हातून आलेल्या चार लेकरांना दिवसभरात कुणी पाणी विचारले नव्हते. जात मात्र विचारली होती. बाप तलावाच्या कामाचे पैसे मोजत होता आणि मुलांना त्या वाटेवर घोटभर पाणी नव्हते. सोरा, परळ, जहाज, यंत्र यांपैकी कशाचाही उपयोग नव्हता, कारण अडचण पाणी गार करण्याची नव्हतीच.

याच प्रांतात 1868 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. आणि मसूरच्या त्या प्रवासानंतर 26 वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोक गेले. डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, मग बाकीच्यांनी. नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव आधीच केला होता. त्या दिवशी तो माणसांनी अमलात आणला. नंतर सवर्णांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, खटला कोर्टात गेला आणि 1937 साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. कोकणात मार्चअखेर ऊन चांगलेच तापलेले असते. ते पाणी गार होते की कोमट, याची नोंद कुठे नाही. त्याने काही फरकही पडत नव्हता.

दर चैत्रात मी नवा माठ आणते. पहिले दोन दिवस पाण्याला मातीचा वास येतो, मग तो निवळतो. आता दुपारी कुणी पार्सल घेऊन येते, कुणी मीटर बघायला, कुणी भंगार न्यायला. फ्रिज आहे, बर्फ आहे, गारव्याची वाण नाही. दार उघडून मी सही करते, पैसे देते आणि कितीदा तरी ते माणूस जिना उतरून गेल्यावर माझ्या लक्षात येते की पाणी विचारायचे राहिले.