अकीक : तापवून घडवला जाणारा दगड

दख्खनच्या लाव्हा खडकांतील पोकळ्यांत तयार होणारा अकीक घडवण्यापूर्वी तापवण्याची परंपरा गुजरातमधील खंभात येथे जपली गेली आहे. मातीच्या मडक्यांतील दगड शेण वा भुशाच्या मंद आचेवर तापवून सावकाश थंड केले जातात. यामुळे दगडातील पाणी कमी होते, कपच्या सहज निघतात आणि लोहसंयुगांचा लाल रंग खुलतो. आच एकदम वाढल्यास दगड तडकतो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने तो घडवला जातो.

खंभातजवळील लोथल येथे १९५५ पासून झालेल्या उत्खननात हडप्पाकालीन मण्यांचा कारखाना व भट्टी आढळली.

दगड घासताना उडणाऱ्या धुळीमुळे मात्र कारागिरांना सिलिकोसिस हा असाध्य फुप्फुसविकार जडतो. धूळ शोषणारी यंत्रणा व पाण्याचा वापर यांमुळे हा धोका कमी करता येतो.