बिली बोस्टन : गुणवत्तेला दार कोणी उघडले?

'अंगी गुण असले की माणूस वर येतोच,' हे वाक्य आमच्या पिढीला वारंवार ऐकवले गेले. घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढलेला माणूस म्हणून मीही ते पुष्कळ ऐकले आहे. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला ते तपासून पाहावेसे वाटते. त्यासाठी मी ब्रिटनमधील रग्बी लीगचा खेळाडू बिली बोस्टन याची कारकीर्द घेतो. त्याच्या गुणांविषयी कुणाचेच दुमत नाही. म्हणून दारांविषयी मोकळेपणाने बोलता येते.

आधी या खेळाचा जन्म पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमध्ये खाणकामगार आणि गिरणीकामगार रग्बी खेळत. शनिवारी सामन्याला गेले की कामावर खाडा पडे आणि मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी भरून द्यावी, अशी उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. रग्बीची सत्ता ज्या वरच्या वर्गाकडे होती, त्याने 'हौशी खेळाच्या पावित्र्या'चे कारण सांगून ती फेटाळली. ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही, त्यालाच हौस परवडते! २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे क्लब वेगळे झाले. त्यातून पुढे तेरा खेळाडूंचा, पैसे घेऊन खेळायचा रग्बी लीग उभा राहिला. जुन्या रग्बी युनियनने लीगमध्ये गेलेल्यांना जन्मभरासाठी वाळीत टाकले. युनियननेच खेळाडूंना पैसे देण्याची मुभा दिली ती १९९५ साली, म्हणजे शंभर वर्षांनी.

बोस्टनचा जन्म १९३४ साली वेल्समधील कार्डिफच्या गोदीलगतच्या टायगर बे वस्तीत झाला. वडील सिएरा लिओनचे, आई आयरिश वंशाची. जहाजांवर राबणारे आफ्रिकी, सोमाली, येमेनी लोक या वस्तीत स्थिरावले होते. १९१९ साली याच शहरात काळ्या खलाशांवर गोऱ्या जमावांनी हल्ले केले होते. कार्डिफ क्लबकडून आणि वेल्सकडून खेळावे, हे पोराचे स्वप्न. मैदान वस्तीपासून मैल-दीड मैलावर. पण कार्डिफ क्लबचे बोलावणे कधी आले नाही. वेल्सच्या युनियन संघात काळा खेळाडू दिसायला १९८० चे दशक उजाडावे लागले. तोवर वस्तीत गुण नव्हते काय?

गुण होते; त्यांना पारखणारे उत्तरेकडून आले. १९५३ साली विगन क्लबने तीन हजार पौंड देऊन त्याला करारबद्ध केले. क्लबच्या पहिल्या संघाकडून जेमतेम सहा सामने खेळल्यावर, एकोणिसाव्या वर्षी, १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी त्याची ब्रिटनच्या संघात निवड झाली. तेथे १८ सामन्यांत त्याने ३६ ट्राय केले. (चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे तो जमिनीला टेकवणे म्हणजे ट्राय.) १९६८ पर्यंत विगनकडून ४८८ सामन्यांत त्याचे ट्राय ४७८ झाले. हे आकडे त्याला कुणी सवलत म्हणून दिलेले नाहीत.

पण १९५७ साल पाहा. ऑस्ट्रेलियातील विश्वचषक संपल्यावर ब्रिटनचा संघ प्रदर्शनीय सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेत गेला. तेथे वर्णभेद हाच राज्याचा कायदा होता. बोस्टन संघाबरोबर गेला नाही. तो एकटाच मायदेशी परतला. सामने मात्र झाले. माझ्या मते या कारकिर्दीतील सर्वांत बोलका आकडा ट्रायचा नाही. तो हा 'एक' आहे. आपला सर्वोत्तम गडी वगळून खेळणे संघाला चालले. खेळ रद्द करणे चालले नाही.

म्हणून रग्बी लीगला समतेचे माहेरघर म्हणता येणार नाही. १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून रॉय फ्रान्सिस या काळ्या खेळाडूला वगळण्यात आले. तिकडचा वर्णद्वेष हेच त्याचे कारण मानले जाते. तरीही फरक होता. हाच फ्रान्सिस पुढे हल क्लबचा यशस्वी प्रशिक्षक झाला. कार्डिफचाच क्लाइव्ह सलिव्हन १९७२ साली ब्रिटनचा कर्णधार झाला आणि त्याने विश्वचषक जिंकला. इंग्लंडच्या फुटबॉल संघाला काळा कर्णधार मिळाला तो १९९३ साली. असे का झाले? कामगारवस्तीतल्या क्लबांना सामने जिंकायचे होते, आणि श्रमाचा मोबदला मागण्यात त्यांना लाज वाटत नव्हती. ही उदारता नव्हे. ही गरज होती. पण गरजेने उघडलेल्या दारातूनही माणसे आत येतात आणि घराचा इतिहास बदलतात.

२०२३ साली कार्डिफ बे येथे बोस्टन, सलिव्हन आणि गस रिस्मन यांचे पुतळे उभे राहिले. जून २०२५ मध्ये बोस्टनला 'सर' हा किताब मिळाला. तेव्हा तो नव्वद वर्षांचा होता. रग्बी लीगच्या १३० वर्षांत हा किताब मिळवणारा तो पहिला खेळाडू. म्हणजे उशीर केवळ रंगामुळे झाला नाही. सगळा कामगारांचा खेळच दरबाराबाहेर ठेवला गेला होता.

पुतळ्यांना माझा विरोध नाही. परंतु पुतळ्याकडे बोट दाखवून कुणी 'पाहा, गुण असले की माणूस वर येतो' असे म्हणाले, तर त्याला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. मैल-दीड मैलावरचे दार बंद का होते? आणि त्या दारापाशी थांबून राहिलेल्या, ज्यांची नावेही आपल्याला माहीत नाहीत, त्या मुलांचा हिशेब कोण देणार?